सोवनी सर आणि डावीकडून पहिलं हरीण

सोवनी सरांनी एकदा स्वतःच्या बायकोला खोकल्याचं औषध देण्याआधी तिचं नाव, पत्ता आणि जन्मतारीख विचारली होती.

मी तेव्हा तिथे नव्हते. पण गल्ल्यावर मोआना होती, आणि ती ही गोष्ट गिऱ्हाइकांना अजून सांगते. तिला मराठी येत नाही, तरी काकूंनी पर्स काउंटरवर कशी आपटली ते ती करून दाखवते. संवाद मला सरांनीच सांगितले, आणि तेही अभिमानाने. काकू म्हणाल्या, "पत्ता काय विचारता? तुमचाच." सर म्हणाले, "माझा मला ठाऊक आहे. तुझा तू तोंडाने सांग." काकूंनी सांगितला. जन्मतारखेला मात्र त्या अडल्या. "लग्नाच्या वेळी पत्रिका बघितली होतीत ना?" सर म्हणाले, "पत्रिका बाबांनी बघितली होती. मी फक्त फोटो बघितला."

वेलिंग्टनहून डोंगर ओलांडून पलीकडे उतरलं की दीडएक तासावर आमचं गाव लागतं. एक मोठा रस्ता, एक पब, दोन डेअऱ्या, म्हणजे दूध-पाव-सिगारेटची कोपऱ्यावरची दुकानं, आणि एक औषधांचं दुकान. ते दुकान सरांचं. पुण्याहून येऊन त्यांना वीस वर्षं झाली होती. गावातल्या प्रत्येक माणसाचा रक्तदाब, साखर आणि पोटाच्या तक्रारी त्यांना तोंडपाठ होत्या. तरी समोर कुणीही आलं की प्रश्न तेच. नाव? पत्ता? जन्मतारीख? चाळीस वर्षं एकाच घरात राहणारा म्हातारा म्हणायचा, "डॅट, काल संध्याकाळी तू माझ्या घरी चहा प्यायलास." दत्तात्रय म्हणायला जीभ वळत नाही, म्हणून गावाने सरांचं 'डॅट' करून टाकलं होतं. सर म्हणायचे, "काल प्यायलो. आज नाव सांगा."

उत्तरं जुळली की सर मान हलवून मराठीत पुटपुटायचे, "पटली." हा एक शब्द सगळ्या गावाला येतो. अंगठ्याएवढी पोरंसुद्धा गोळ्यांची पिशवी घेताना विचारतात, "पटली?" आणि मोआना म्हणते, "पटली, स्वीट ॲज," म्हणजे इथल्या बोलीत एकदम झकास.

माझं इंटर्नचं वर्ष मी त्यांच्या हाताखाली काढलं. पहिल्या दिवशी सकाळी आठला दुकानात पोचले तर यांनी दारातच पासपोर्ट मागितला. मी म्हटलं, "सर, काल बसस्टॉपवर तुम्हीच मला घ्यायला आला होतात."

"काल मी एका मुलीला घ्यायला आलो होतो. ती तूच कशावरून?"

मला राग आला. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. माझं बी.फार्म.चं सर्टिफिकेट वडिलांनी बार्शीच्या सायकलच्या दुकानात देवांच्या रांगेत टांगलंय, त्याला रोज उदबत्ती मिळते. आणि इथे मी कोण हे कागदावर दाखवायचं. पण तिसऱ्याच आठवड्यात मी एकाच आडनावाच्या दोन मार्गारेटची औषधं अदलाबदल करून ठेवली. सरांनी दोघींना दारातून परत बोलावलं. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "अंदाज हा शब्द स्वयंपाकघरात ठेवायचा. इथे आणायचा नाही." त्या दिवसानंतर मी कुणाला जन्मतारीख विचारायला लाजले नाही. पुढे रजिस्ट्रेशन झालं, तरी मी तिथेच राहिले.

आता हा माणूस कसा, तर अंडंसुद्धा न खाणारा. दुकानात कोळी निघाला तर प्लास्टिकचा पेला उपडा घालायचा, खालून पोस्टकार्ड सरकवायचं आणि कोळ्याला मागच्या अंगणात नेऊन सोडायचं. मोआना एकदा चपलेने मारायला गेली तर दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. आणि दर शनिवारी अंधार पडला की हेच सर गमबूट घालून हरणांच्या शिकारीला जायचे.

शिकार करायचा ग्रॅहम. नदीपलीकडे त्याच्या मेंढ्या होत्या. सहा फूट उंच, आठवड्याला साधारण बारा वाक्यं बोलणारा माणूस. सर त्याच्या यूटमधून जायचे, म्हणजे पुढे केबिन आणि मागे उघडा हौदा असतो ती गाडी. सरांचं काम दिवा धरायचं. गाडीच्या लायटरमध्ये वायर खुपसून चालणारा, ताटाएवढा हातदिवा. तो अंधारात फिरवला की लांब कुठेतरी जनावरांचे डोळे चमकतात. जनावर प्रकाशाकडे बघत जागच्या जागी थिजतं, आणि मग बंदूकवाला नेम धरतो.

"सर, तुम्हाला पाप नाही का लागत?" मी विचारलं होतं.

"मी फक्त प्रकाश पाडतो."

"आणि तो मारतो."

"तो डिस्पेन्स करतो. तपासणी माझी."

ही तपासणी साधी नव्हती. लक्ष्य निःसंशय ओळखल्याशिवाय गोळी झाडायची नाही, हा शिकाऱ्यांचा पहिला नियम. इथे बंदुकीचं लायसन घेणाऱ्या प्रत्येकाला तो शिकवतात. लायसन नसलेल्या सरांनी तो असा मनावर घेतला की ग्रॅहमच्या बंदुकीला गंज चढायची वेळ आली. चमकलं की सर म्हणायचे, थांब. ते वासरू असेल. थांब, तो कुंपणाच्या खांबावरचा रिफ्लेक्टर आहे. थांब, पुन्हा मोजतो. तीनदा मोजून होईपर्यंत हरीण कंटाळून निघून जायचं. ग्रॅहम पबमध्ये सांगायचा, डॅटने एकदा एका हरणाला जन्मतारीख विचारली आणि ते आठवत असताना पळालं. त्याच्या बारा वाक्यांतलं एक वाक्य दर आठवड्याला हेच असायचं. शिकाऱ्यांच्या क्लबातले बाकीचे त्याला म्हणायचे, दुसरा माणूस बघ. ग्रॅहमने दुसरा माणूस बघितला नाही.

वर्षातून तीन-चार वेळा एखादं हरीण सरांच्या तपासणीतून उत्तीर्ण व्हायचंच. मग ग्रॅहम त्यांना वाटा द्यायचा, आणि सर तो सोमवारी मला आणून द्यायचे. पिशवी अशी लांब धरायची की जणू शेजाऱ्यांच्या बाळाचा लंगोट. मी बार्शीहून आलेला काळा मसाला घालून कालवण करायचे. दुसऱ्या दिवशी सर विचारायचे, "चांगलं झालं का?" मी तोंड उघडलं की म्हणायचे, "नको, सांगू नको."

असं सगळं सुखात चाललं होतं. मग कोजागिरी आली.

न्यूझीलंडमध्ये सगळे सण शनिवारी येतात. पंचांगात पौर्णिमा सोमवारी होती, पण सोमवारी रात्री दूध पिऊन मंगळवारी ऑफिसला कोण जाणार, म्हणून वेलिंग्टनच्या आमच्या मंडळाने चंद्राला दोन दिवस अलीकडे ओढलं. कार्यक्रम तिकडे समुद्राकाठी होता. सरांनी आमंत्रण नेहमीप्रमाणे नाकारलं होतं, शनिवार त्यांचा ठरलेला. दुपारी बघतात तर वेलिंग्टनवर ढग. सेक्रेटरींनी हवामान बघितलं आणि मला फोन केला, "तुमच्या बाजूला आकाश मोकळं आहे म्हणे. एखादी जागा बघून ठेव." मी नदीकाठची काउन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, कॅम्पिंगची जागा सुचवली. सरांना मेसेज टाकला. पण त्यांचा मोबाइल शनिवार-रविवार दुकानाच्या ड्रॉवरमध्ये झोपलेला असतो, हे मला आठवायला हवं होतं.

सहा गाड्या भरून माणसं डोंगर ओलांडून आली. ढगही त्यांच्या मागोमाग आले.

आम्ही सतरंज्या अंथरल्या, गाड्या विलोच्या झाडांमागे लावल्या, दूध आटवलं, स्टीलच्या वाट्या भरल्या. मग सेक्रेटरींनी हुकूम काढला की सगळ्यांनी टॉर्च बंद करा, दुधात चंद्र दिसला पाहिजे. टॉर्च बंद झाले. चंद्र काही दिसेना. थंडी अशी की दात वाजत होते. एकजण म्हणाले, "तसाही इथला चंद्र उलटा असतो, ससा खाली डोकं वर पाय." त्यावर जोशी आजी म्हणाल्या, "उलटा असू दे नाहीतर सुलटा, येऊ दे आधी, दुधावर साय धरली." जोशी आजी आपल्या मुलाकडे आल्या होत्या. त्यांनी ठाण्याच्या शाळेत पस्तीस वर्षं मुलांना गप्प बसवलं होतं, आणि तो आवाज निवृत्त झालेला नव्हता.

मी सतरंजीच्या टोकाला बसले होते. दोन्ही हातांत दोन वाट्या. एक माझी आणि दुसरीही माझीच. नंतर पातेलं रिकामं होतं, हे मला अनुभवाने ठाऊक आहे.

तेवढ्यात नदीपलीकडून एक झगझगीत उजेड आला आणि आमच्यावर येऊन थांबला. आम्ही सगळे वाट्या छातीशी धरून तसेच बसून राहिलो. कुणाला वाटलं कॅम्पचा रखवालदार, कुणाला वाटलं पोलीस. उजेड डावीकडून उजवीकडे फिरला. परत डावीकडे आला. पुन्हा एकदा फिरला. आणि माझ्यावर येऊन थांबला.

जोशी आजी उठून उभ्या राहिल्या. "कोण आहे रे तो? लाईट बंद कर आधी. एक तर चंद्र नाही, त्यात हे डोळ्यांवर. बंद कर म्हणते ना."

उजेड फट्कन बंद झाला. थोड्या वेळाने गाडी लांब गेल्याचा आवाज आला. "मराठी कळत असावं त्याला," कुणीतरी म्हणालं, आणि आम्ही पोट धरून हसलो. चंद्र शेवटपर्यंत आला नाही. दूध मात्र झकास झालं होतं.

सोमवारी दुकानात मी हा किस्सा मोआनाला रंगवून सांगत होते. आजींचा आवाज काढून दाखवला. मोआना हसून वाकली. मागे सर ट्रेमध्ये गोळ्या मोजत होते. त्यांनी ट्रे खाली ठेवला, मागच्या खोलीत गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. मी बघायला गेले तर स्टुलावर बसले होते. पाण्याचा पेला हातात, पाणी तसंच.

"तो दिवा माझ्या हातात होता," ते म्हणाले.

मला आधी हसू आलं. मग त्यांचं तोंड बघून ते गेलं.

"वाट्या असतील असं कुणाच्या मनात येईल? बाकीचे विलोआड असतील, एवढ्या लांबून नुसतं दोन-दोन चमकत होतं. जोडीजोडीने. मी तीनदा मोजलं. तिन्ही वेळा चार आली. मी ग्रॅहमला म्हटलं, चार आहेत. डावीकडून पहिलं घे." पेला त्यांनी स्टुलाखाली ठेवला. "त्याने नेम धरला. बोट चापावर गेलं होतं. आणि मग हरीण म्हणालं, लाईट बंद कर."

मी खोलीचं दार लोटून घेतलं.

"संगीता, तू कुठे बसली होतीस?"

मी स्पष्ट बोलणारी बाई आहे. घरीदारी त्यावरून भांडणं झालेली आहेत. पण त्या स्टुलावरच्या माणसाला मी म्हटलं, "मी तेव्हा नव्हतेच सर. गाडीत गेले होते, जायफळ आणायला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "असं होय," म्हणाले, आणि उठून कामाला लागले.

इकडे मंडळाला कुणीतरी समजावून सांगितलं की तो रखवालदार नव्हता, शिकारी होता. मग मात्र हसणं थांबलं. सेक्रेटरींनी काउन्सिलला चार पानी पत्र लिहिलं. शिकारी कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं. नदीकाठी रात्री दिवा लावून शिकार बंद करावी, अशी मागणी आधीपासून होतीच, कारण उन्हाळ्यात तिथे तंबू लागतात आणि माणसं रात्री टॉर्च घेऊन संडासला जातात. आता तिला जोर आला. काउन्सिलने लोकांकडून निवेदनं मागवली. इथे तसा रिवाजच आहे. कचऱ्याच्या पेटीचा रंग बदलायचा असला तरी कुणीही अर्ज भरावा, आणि हवं तर समोर जाऊन बोलावं.

गाव फाटलं. आणि गाव फाटलं की ते आमच्याच दुकानात येऊन भांडतं, कारण रक्तदाबाची गोळी दोन्ही बाजूंना लागते. एक म्हणायचा, "हरणं माझं गवत खातात, ती काय दिवसा येतात का?" दुसरी म्हणायची, "माझी नात रात्री ब्रश करायला नळावर जाते, तिच्या कपाळाला टॉर्च असतो, ती काय हरीण आहे?" तिसरा म्हणायचा, "माझे आजोबा, वडील आणि मी, आजवर एकसुद्धा चूक नाही." सर म्हणायचे, "जन्मतारीख?" आणि तो चूपचाप सांगायचा.

या तिसऱ्याच मुद्द्यावर क्लबाचा सगळा भर होता. एकसुद्धा चूक नाही. आणि हे सांगायला सरांइतका उत्तम माणूस कुठे मिळणार? ज्याच्या काळजीखोरपणावर अख्खं गाव वैतागलंय, तो सहा वर्षं दिवा धरतो. क्लबाचे अध्यक्ष स्वतः येऊन म्हणाले, "डॅट, तू नुसता उभा राहिलास तरी आपण जिंकलो."

मंडळालाही सर हवे होते. आपला माणूस, गावात मान असलेला. सेक्रेटरी रोज फोन करायचे.

त्या दोन आठवड्यांत सर प्रत्येक औषध पाच-पाच वेळा तपासत होते. दुकानात रांग रस्त्यापर्यंत गेली. मी एकदा शेवटी विचारलंच, "ग्रॅहम काय म्हणतो?"

"काही नाही. त्या रात्री मला घरी सोडलं. गुड नाइट म्हणाला. त्यावर परत बोलणं नाही."

"तुम्ही सांगितलंत तर त्याचं लायसन जाईल."

"हो."

"आणि नाही सांगितलंत तर?"

"तर पुढच्या वेळी जोशी आजी असतीलच असं नाही." मग गोळ्यांचा ट्रे पुढे ओढून म्हणाले, "मला या गावात मित्र किती आहेत ते तुला ठाऊक आहे. मोजायला तीनदा लागत नाही."

अर्ज त्यांनी माझ्याच हाती पोस्टात टाकायला दिला. पाकीट उघडं होतं, मी बघितला. 'पाठिंबा' आणि 'विरोध' अशा दोन चौकटी होत्या. दोन्ही कोऱ्या. 'समोर येऊन बोलायचं आहे का', तिथे मात्र 'होय'वर ठळक खूण.

सुनावणी काउन्सिलच्या हॉलमध्ये बुधवारी सकाळी अकराला. मोआनाला दुकानावर बसवून मी गेले. हॉल भरलेला, मागे चहा आणि बिस्किटं. सर टाय लावून आले. गाडी ते चालवत नाहीत, त्यामुळे आले कुणाबरोबर, तर ग्रॅहमबरोबर, त्याच्याच यूटमधून. ग्रॅहमचंही नाव यादीत होतं, सरांच्या नंतरचं. तो मागच्या रांगेत टोपी गुडघ्यावर ठेवून बसला.

सगळं इंग्रजीत झालं, मी आपलं मराठीत सांगते. काउन्सिलच्या अध्यक्षबाईंनी किया ओरा, म्हणजे माओरी नमस्कार, करून सरांना बोलावलं. सरांनी कुणी न विचारता आधी स्वतःचं नाव, पत्ता आणि जन्मतारीख सांगितली. मागून कुणीतरी "पटली" म्हणालं. हॉल हसला. क्लबाचे अध्यक्ष सर्वांत मोठ्याने हसले.

"या खोलीत असा कुणी आहे का," सर म्हणाले, "ज्याला मी नाव न विचारता औषध दिलंय?"

"मला मागच्या आठवड्यातच विचारलंत," अध्यक्षबाई म्हणाल्या. "आणि मी तुमच्या शेजारी राहते."

"बरोबर. तर मी दर शनिवारी दिवा धरतो. त्या शनिवारी मी नदीकाठी चार हरणं मोजली. तीनदा मोजली. मी माझ्या मित्राला सांगितलं, डावीकडून पहिलं. तो माझ्यावर विश्वास ठेवतो, म्हणून त्याने नेम धरला. ती चार हरणं म्हणजे माझ्याच भागातली, माझीच भाषा बोलणारी माणसं होती. हातात स्टीलच्या वाट्या घेऊन चंद्राची वाट बघत होती."

आता कुणी हसत नव्हतं. बिस्किटाचा डबा उघडणाऱ्या बाईंनी तो तसाच धरून ठेवला.

"डावीकडून पहिली जी होती, ती माझ्या दुकानात काम करते. ती मला म्हणाली, मी तेव्हा तिथे नव्हते, जायफळ आणायला गेले होते." सरांनी चष्मा काढला. "हे खरं असू शकत नाही. जायफळ दूध आटतानाच किसून घालतात. वाट्या भरून हातात आल्यावर जायफळ आणायला कुणी जात नाही."

एका सभासदाने हळूच विचारलं, "किती घालतात?"

"दोन लिटरला अर्धं," सर म्हणाले. हे कारकुनाने टिपून घेतलं. ते आजही काउन्सिलच्या कागदपत्रांत असेल.

"म्हणजे ती खोटं बोलली. मला झोप यावी म्हणून. औषधात ती आता चुकत नाही. खोटं बोलण्यात तिला अजून बरंच शिकायचंय." मी माझ्या चपलांकडे बघत होते. "मला इथे सांगायला बोलावलंय की सहा वर्षांत एकही चूक झाली नाही. एक झाली. ती या गावातल्या सर्वांत काळजी घेणाऱ्या माणसाच्या हातून झाली. माझ्यानंतर बाकीचे सगळे येतात, आणि ते माझ्याइतकं मोजत नाहीत. म्हणून हे बंद करा. पाठिंब्याच्या चौकटीत माझी खूण धरा."

ते खाली बसले. अध्यक्षबाईंनी पुढचं नाव पुकारलं. ग्रॅहम उठला, टोपी घातली आणि पुढे येण्याऐवजी मागच्या दाराने बाहेर गेला.

पुढचं आधीच सांगून टाकते. नियम झाला. पोलिसांनी ग्रॅहमचं लायसन मागवून घेतलं आणि काही महिन्यांनी, भरपूर प्रश्न विचारून, परत दिलं. क्लबाचे अध्यक्ष तेव्हापासून औषधं पुढच्या गावातून आणतात.

पण त्या दिवशी हे काहीच ठाऊक नव्हतं. सुनावणी संपल्यावर मी पार्किंगमध्ये आले तर सर माझ्या गाडीशी उभे. पलीकडच्या टोकाला ग्रॅहमची यूट. तो आत बसलेला, समोर बघत. इंजिन बंद.

"जायफळ सगळ्यांसमोर काढायची काय गरज होती?" मी म्हटलं.

"तुझं नाव नाही सांगितलं."

"गावात मराठी बोलणारे आपण दोघंच आहोत, सर."

त्यांनी यावर विचार केला. "तो मुद्दा राहिला," म्हणाले.

"चला, मी सोडते घरी."

"मी त्याच्याबरोबर आलोय."

"तो नेईल असं वाटतं तुम्हाला? येताना तरी सांगायचं होतं त्याला."

"सांगणार होतो. त्याने रेडिओवर मॅच लावली होती."

ते हलेनात. मलाही निघवेना. थोड्या वेळाने ते यूटकडेच बघत म्हणाले, "सहा वर्षांपूर्वी ही वारली ना, त्या आठवड्यात सगळे फोन करायचे. तुमच्या मंडळातलेही. कसे आहात, जेवलात का, झोप लागते का. मला काही सांगताच यायचं नाही. चांगली माणसं, पण फोन वाजला की मी घाबरायचो. मग शनिवारी हा आला. तोवर आमची ओळख किती, तर त्याच्या पाठीच्या गोळ्यांपुरती. दारात उभा राहून म्हणाला, दिवा धरायला माणूस नाहीये. येतोस का?"

"आणि तुम्ही गेलात."

"गेलो. तीन तास बसलो गाडीत. त्याने मला एक प्रश्न विचारला नाही." सरांनी चष्मा पुसला. "तू त्याच्या गाडीचा टप बघितलायस का कधी?"

ती गाडी मी शंभरदा बघितली असेल. टप आज बघितला. वर मधोमध एक गोल दिवा पक्का बसवलेला होता. खालून एक दांडा केबिनमध्ये गेलेला.

"आत बसून एका हाताने फिरवायचा," सर म्हणाले. "एकटा माणूस चालवतो तो. पहिल्या शनिवारीही तिथेच होता. मी चढतानाच बघितला."

"मग तुम्ही विचारलं नाहीत त्याला?"

"काय विचारायचं?"

असं म्हणून ते चालत गेले आणि यूटच्या डाव्या दाराशी जाऊन उभे राहिले. काचेवर टकटक केली नाही. हँडलला हात लावला नाही. टाय वाऱ्याने खांद्यावर गेला होता, तोही नीट केला नाही. ग्रॅहम समोर बघत होता. मी किल्ली लावून बसले होते, पण गाडी सुरू करत नव्हते. दोन-तीन मिनिटं गेली असतील. मग ग्रॅहम सीटवरून आडवा झाला आणि त्याने आतून दार ढकललं.

सर चढले. पट्टा लावला. गाडी काही लगेच निघाली नाही. दोघंही समोरच्या भिंतीकडे बघत बसले होते, आणि कुणाचेच ओठ हलत नव्हते. मी मात्र निघाले. दुकानात मोआना एकटी होती.